लिंबू, बैल आणि सेकंड हँड गाडी
(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

आपल्या जिल्ह्यात कोणी "गाडी घेतली" असं सांगितलं की पेढा तोंडात टाकायच्या आधीच पुढचा प्रश्न येतो, "नवी की जुनी?" आणि "जुनी" असं उत्तर आलं की तिसरा प्रश्न, "कोणाची होती?" गाडी कोणत्या कंपनीची, ॲव्हरेज किती देते, हे सगळं त्यानंतर. मला वाटतं, अर्थशास्त्रातल्या एका नोबेल पारितोषिकाचं सार या तिसऱ्या प्रश्नात आहे. ते कसं, हेच या लेखात सांगायचं आहे.

माझे मामा खामगावला गॅरेज चालवतात. अकरावीपासून दर उन्हाळ्यात मी तिथे पाने द्यायला असतो. गॅरेजमध्ये दुरुस्तीइतकंच दुसरंही एक काम चालतं, ते म्हणजे "गाडी दाखवायला आणणं". घेणारा माणूस विकणाऱ्याला सोबत घेऊन येतो, मामा बॉनेट उघडतात आणि दोघंही त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभे राहतात. पुस्तकातलं थर्मोडायनॅमिक्स परीक्षेपुरतं लक्षात राहतं, पण या व्यवहारातून शिकलेलं विसरत नाही.

लिंबू म्हणजे काय?

आपण गाडीला लिंबू-मिरची बांधतो, नवी गाडी पहिल्यांदा चाकाखाली लिंबू चिरडूनच पुढे काढतो. अमेरिकेत मात्र गाडीलाच लिंबू म्हणतात! वरून चकाचक आणि आतून खराब निघालेली गाडी म्हणजे "लेमन". जॉर्ज अॅकरलॉफ या तरुण अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्ये या लिंबांच्या बाजारावर एक छोटासा शोधनिबंध छापला. त्याआधी तीन नामांकित नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. एकाच्या मते तर विषयच किरकोळ होता. याच कामासाठी २००१ साली मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. एटीकेटी लागलेल्या मित्रांनी ही गोष्ट लिहून ठेवावी.

आपल्यासाठी गंमत पुढेच आहे. निबंध छापून येण्याच्या दोन-तीन वर्षं आधी, म्हणजे १९६७-६८ मध्ये, अॅकरलॉफ जवळपास वर्षभर दिल्लीत राहिले होते. त्यामुळे निबंधात अमेरिकेतल्या मोटारींसोबत भारतातले सावकारही आहेत आणि तांदूळ निवडणाऱ्या भारतीय गृहिणीही. तांदळाच्या रंगाचे आणि आकाराचे खडे मुद्दाम मिसळले जातात आणि ते बायकांना निवडत बसावे लागतात, हे त्यांनी नोंदवलं आहे. आपल्या आया-आज्या ओसरीवर सूप घेऊन बसायच्या, तेव्हा त्या 'माहितीच्या असमानते'शीच लढत होत्या म्हणायच्या! दुकानदाराला खड्यांचं प्रमाण माहीत असतं, गिऱ्हाइकाला नसतं. गाडीचंही तसंच. विकणारा तिच्यासोबत पाच वर्षं राहिलेला असतो, घेणाऱ्याला मात्र अर्ध्या तासात ती ओळखायची असते.

एक साधं गणित

समजा एकाच मॉडेलच्या, एकाच सालच्या १०० गाड्या विकायच्या आहेत. ५० चांगल्या, ५० लिंबू. चांगल्या गाडीसाठी गिऱ्हाईक २ लाख द्यायला तयार आहे आणि मालक १ लाख ८० हजारांच्या खाली सोडणार नाही. लिंबासाठी गिऱ्हाईक १ लाखापर्यंत जाईल आणि मालक ८० हजारांतही देऊन टाकेल. कोणती गाडी कशी हे सगळ्यांना दिसत असतं, तर १०० च्या १०० गाड्या विकल्या गेल्या असत्या.

पण गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. तो सरासरी काढतो आणि म्हणतो, "दीड लाखाच्या वर एक रुपया देणार नाही." दीड लाख ऐकून चांगल्या गाडीचा मालक गाडी घरी घेऊन जातो. त्याला १ लाख ८० हजार हवे असतात. लिंबूवाला मात्र खुशीत हात पुढे करतो. थोड्या दिवसांत गिऱ्हाइकाच्या लक्षात येतं की दीड लाखात लिंबंच मिळतात. मग तो १ लाखावर येतो. आता बाजारात फक्त ५० लिंबं उरली. चांगल्या ५० गाड्यांना गिऱ्हाईक होतं, पैसाही होता, तरी त्यांचा सौदा झाला नाही. वाईट मालाने चांगल्या मालाला बाजारातून हाकलून लावलं.

यात नुकसान फक्त फसलेल्या गिऱ्हाइकाचं होत नाही. ज्याने ऑइल वेळेवर बदललं, गाडी नीट ठेवली, त्या प्रामाणिक मालकालाही भाव मिळत नाही. दुसऱ्याच्या खोटेपणाची किंमत त्याला मोजावी लागते.

मग बाजार चालतो कसा?

गणित इतकं सरळ असतं तर एव्हाना जुन्या गाड्यांचा बाजार बंद पडला असता. प्रत्यक्षात तो जोरात आहे. २०२३-२४ या वर्षात देशात सुमारे ४२ लाख नवी प्रवासी वाहनं विकली गेली आणि जुन्यांचा आकडा त्याहून मोठा असल्याचा या धंद्यातल्या जाणकारांचा अंदाज आहे. म्हणजे माहितीची दरी भरून काढायची काहीतरी सोय लोकांनी केलेली असणार.

ही सोय आपल्याकडे मोटारीच्या फार आधीपासून आहे, बैलबाजारात. शेतकरी बैल घेताना आधी जबडा उघडून दात पाहतो. आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. हे बैलाचं रजिस्ट्रेशनचं साल. मग चालवून बघतो, जमलं तर गाडीला जुंपून बघतो. ही झाली टेस्ट ड्राइव्ह. विकणाराही कच्चा नसतो. शिंगं साळून, हिंगूळ लावून, अंग धुऊन बैल उभा करतो. हे झालं डेंटिंग-पेंटिंग. बैल मारका आहे, की जुंपला की बसतो, ही खोड मात्र दातांवरून कळत नाही. ती कळते "कोणाचा आहे?" या प्रश्नातून. गाव कळलं, घर कळलं, की बैलाला घरी कसं वागवलं असेल याचा अंदाज येतो. शिवाय विकणारा ओळखीचा निघाला तर खोटं बोलताना दहा वेळा विचार करतो, कारण पुढच्या बाजाराला त्याला तिथेच यायचं असतं.

पेढा खाताना विचारलेला तो तिसरा प्रश्न इथून आला आहे. अर्थशास्त्रज्ञ ज्याला प्रतिष्ठा, हमी, परवाना वगैरे म्हणतात, त्यालाच आपण ओळख, शब्द आणि बाजार समितीची पावती म्हणत आलो. छोट्या गावात "ऑटो कन्सल्टंट"ची पाटी लावून बसलेला माणूस खरं तर गाडीपेक्षा स्वतःचा शब्द विकत असतो. शब्द खरा निघाला तर दुकान वीस वर्षं चालतं. खोटा निघाला तर पाटी बदलून दुसऱ्या तालुक्यात जावं लागतं.

अडचण अशी की बैल पंचक्रोशीतला असायचा आणि आजची गाडी पुण्याहून, ठाण्याहून, कधी कधी दिल्लीहून येते. "कोणाची होती?" याचं उत्तर देणारा माणूस गावात नसतो. मग गोष्टी तयार होतात. सगळ्यात जुनी गोष्ट म्हणजे, "भाऊ, डॉक्टरसाहेबाची गाडी हाय. घर ते दवाखाना, बस्स!" मामा म्हणतात, "जिल्ह्यात जेवढे डॉक्टर नसतीन, तेवढ्या डॉक्टरच्या गाड्या मी पाह्यल्या."

जुनी गाडी नव्याहून महाग होती तेव्हा

आजच्या पिढीला खरं वाटणार नाही, पण आपल्या देशात एक काळ असा होता की जुनी गाडी नव्यापेक्षा जास्त भावाने विकली जायची. लायसन्स राजमध्ये मोटार म्हटलं की ॲम्बेसेडर नाही तर फियाट, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं थांबायचं. बजाज स्कूटरचीही तीच तऱ्हा. लग्न ठरल्यावर नंबर लावला तर गाडी यायला मुलगा शाळेत जायचा, असं जुने लोक सांगतात. अशा वेळी ज्याच्याकडे गाडी हजर आहे त्याच्यापुढे गिऱ्हाइकांची रांग लागायची आणि किंमत कंपनीच्या भावाच्या वर जायची. पुस्तकात लिहिलेलं असतं की शोरूमच्या दाराबाहेर पडताच गाडीची किंमत घसरते. आपल्याकडे ती वाढायची. टंचाई असली की दर्जाचे प्रश्न मागे पडतात.

डिसेंबर १९८३ मध्ये सुमारे ५० हजार रुपये किमतीची मारुती ८०० रस्त्यावर आली आणि हे चित्र बदलायला लागलं. १९९१ नंतर उदारीकरण आलं, १९९४ ला टाटा सुमो आली, २००० साली बोलेरो आली. नव्या गाड्या मुबलक झाल्या तेव्हा जुनी गाडी खऱ्या अर्थाने "जुनी" झाली, म्हणजे स्वस्त झाली. घाटावरच्या-घाटाखालच्या गावांमध्ये ट्रॅक्स, कमांडर, सुमो दुसऱ्या-तिसऱ्या हाताने आल्या आणि काळ्या-पिवळ्या म्हणून धावल्या. एसटी चुकली की आपल्या सगळ्यांचा आधार त्याच होत्या.

त्याच काळात आणखी एक धडा मिळाला. देवू कंपनी १९९५ मध्ये सिएलो घेऊन आली आणि काही वर्षांतच तिचा कारभार आटोपला. पुढे शेवरोलेची विक्री २०१७ च्या शेवटी थांबली, फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करण्याचं जाहीर केलं. गाड्या वाईट नव्हत्या, पण पार्ट मिळेल का ही शंका आली की भाव कोसळतो. म्हणून खेड्यात खिळखिळी बोलेरो हातोहात जाते आणि तिच्याहून आरामशीर परदेशी सेडान महिनोन्महिने कव्हर घालून उभी राहते. गिऱ्हाईक गाडीसोबत तिचा मेकॅनिक आणि तिचे पार्टही विकत घेत असतो.

गाड्या येतात कुठून?

जगात जुन्या गाड्या श्रीमंत देशांतून गरीब देशांत वाहतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२० मध्ये दिलेल्या अहवालानुसार २०१५ ते २०१८ या काळात सुमारे १ कोटी ४० लाख जुन्या हलक्या गाड्या युरोप, जपान आणि अमेरिकेतून निर्यात झाल्या आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक आफ्रिकेत गेल्या. नायजेरियात अशा गाडीला "टोकुंबो" असं खास नाव आहे. केनियाने आठ वर्षांपेक्षा जुनी गाडी आणायला बंदी घातली आहे. भारताने मात्र परदेशी जुन्या गाड्यांना भारी आयात शुल्क आणि कडक अटी लावून दार जवळजवळ बंदच ठेवलं.

त्यामुळे आपला जपान म्हणजे पुणे-मुंबई! शहरातला माणूस चार-पाच वर्षांत गाडी बदलतो आणि ती एमएच-१२, एमएच-१४, एमएच-०४ च्या पाट्या घेऊन आपल्या एमएच-२८ मध्ये येते. दिल्लीची वाट वेगळी आहे. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. मग सुस्थितीतल्या डिझेल गाड्या स्वस्तात बाहेर निघाल्या. पण परराज्यातली गाडी घेताना तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागते. इथे नव्याने नोंदणी करावी लागते आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरावा लागतो. हे सगळं मिळवलं की "स्वस्त" गाडी किती स्वस्त उरते, हे कागद-पेन घेऊन बघावं.

लपवतात कसं आणि शोधायचं कसं?

आता आपला इंजिनीअरिंगचा भाग. गॅरेजमध्ये पाहिलेल्या आणि पुस्तकाशी जुळणाऱ्या गोष्टी क्रमाने देतो.

१) मीटर. जुन्या तारेच्या मीटरचे आकडे उलटे फिरवता यायचे. डिजिटल आल्यावर लोकांना वाटलं हा प्रकार संपला. पण आकडा एका छोट्या मेमरी चिपमध्ये असतो आणि लॅपटॉप जोडून तो बदलता येतो. म्हणून मीटरपेक्षा पॅडलचं रबर, स्टिअरिंगची गुळगुळीत झालेली कड आणि ड्रायव्हर सीटची दबलेली बाजू बघा. मीटर ४० हजार सांगत असेल आणि क्लच पॅडलचं रबर पार झिजलेलं असेल, तर रबरावर विश्वास ठेवावा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली जुनी नोंद मिळाली तर सर्वांत चांगलं.

२) रंग. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचा असतो. अपघातानंतर पत्रा ठोकून त्यावर लांबी भरली की ही जाडी कित्येक पट होते. जाडी मोजायचं मीटर नसेल तर रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक दारावरून फिरवा. लांबी असेल तिथे पकड सैल होते. बॉनेट उघडून दोन्ही बाजूंचे एप्रन बघा. कारखान्याचे स्पॉट वेल्ड सारख्या अंतरावर, गोल असतात. हाताने केलेलं वेल्डिंग लगेच ओळखू येतं. मागची बाजू कापून दुसरी जोडलेली गाडीसुद्धा रंग दिल्यावर देखणी दिसते, पण धडक बसल्यावर तो जोडच आधी सुटतो.

३) इंजिन. गाडी पाहायला जाल तेव्हा आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर तुम्ही यायच्या आधी ती सुरू करून ठेवली आहे. थंड इंजिनच खरं बोलतं. धुराचा रंग बघा. निळा म्हणजे ऑइल जळतंय, रिंग-पिस्टन गेले. पांढरा सतत येत राहिला तर कूलंट आत जातंय. काळा म्हणजे इंधन जास्त, हवा कमी. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढा. तिथून धूर भकाभका येत असेल तर ब्लो-बाय आहे. झाकणाच्या आत दुधी चिकट थर असेल तर हेड गॅस्केटचा संशय धरा. शक्य असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. आकड्याइतकंच महत्त्व चारही सिलिंडरच्या सारखेपणाला आहे. मामांचं सूत्र एका ओळीचं आहे, "रंग पाहू नको, आवाज आयक."

४) घाट. आपल्या जिल्ह्याला निसर्गाने फुकटात टेस्ट रिग दिली आहे. घाटाखाली सपाट रस्त्यावर सगळ्याच गाड्या छान पळतात. मलकापूरकडून येताना राजूर घाट किंवा खामगावहून बोथा घाट चढवा, चार माणसं बसवून. चढावर इंजिनवर लोड येतो, क्लच घसरत असेल तर आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, आणि टेंपरेचरचा काटा खरं काय ते सांगतो. उतरताना ब्रेक आणि स्टिअरिंगची ओढ कळते. डायनॅमोमीटरवर जे तासाभरात कळेल, ते घाटात वीस मिनिटांत कळतं.

५) पाणी. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि असंख्य गाड्या बुडाल्या. मोठ्या पुरानंतर विमा कंपन्या अशा गाड्यांचा पूर्ण नुकसानीचा दावा देतात आणि सांगाडा लिलावात जातो. तो धुऊन-पुसून दूरच्या बाजारात उभा राहू शकतो. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ दिसते. सीटचे रूळ, कार्पेटखालचा पत्रा, डिकीतला स्टेपनीचा खड्डा बघा. कुबट वास आणि त्यावर मारलेलं अत्तर, दोन्ही एकत्र आले की गाडी सोडून द्यावी.

६) टायर. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो. ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी रबर वयाने कडक होतं. मेहकर, सिंदखेड राजाजवळून समृद्धी महामार्ग गेल्यापासून ही गोष्ट जिवाशी आली आहे. गावात ताशी ४० ने चालणारा म्हातारा टायर तिथे तासन् तास ताशी १०० च्या वर पळतो, भर उन्हाळ्यात. जुन्या गाडीच्या बजेटमध्ये चार टायरचे पैसे आधीच धरावेत.

७) नव्या पिढीचे आजार. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारी जाळी, डीपीएफ असते. ती स्वच्छ व्हायला गाडी अधूनमधून लांब पल्ल्याने पळावी लागते. फक्त बाजार ते घर फिरलेली "कमी चाललेली" डिझेल गाडी म्हणूनच महागात पडू शकते. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि एप्रिल २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. तेव्हा इंधनाच्या नळ्या आणि रबरी सील तपासून घ्या.

भाव कसा ठरतो?

सुरुवातीला विम्याचं कोष्टक धरावं. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के घसारा, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. त्यापुढे घासाघीस. आपल्याकडे या कोष्टकावर शेतीचं कॅलेंडर बसतं. सोयाबीन-कापसाचा पैसा हातात आला की दिवाळीनंतर गिऱ्हाइकं वाढतात. पेरणीच्या तोंडावर बी-खतासाठी रोकड लागते तेव्हा विकणारे वाढतात. अक्षय तृतीयेला भेंडवळची घटमांडणी होते, तिचं भाकीत शेतकऱ्यांइतकंच गाड्यांचे दलालही कान देऊन ऐकतात, हे मी पाहिलं आहे. पीक चांगलं म्हणजे धंदा चांगला.

सरकारी निर्णयही भाव हलवतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी स्वस्त झाली की जुनीलाही खाली यावं लागतं. खाजगी माणसाने खाजगी माणसाला गाडी विकली तर जीएसटी नाही. नोंदणीकृत व्यापाऱ्याला त्याच्या नफ्याच्या रकमेवर १८ टक्के आहे. १५ वर्षांची झालेली गाडी घेत असाल तर फेरनोंदणीचा खर्च धरा. एप्रिल २०२२ मध्ये मोटारीसाठी ही फी ६०० वरून ५ हजार झाली. पर्यावरण कर वेगळा.

कागद: लोखंडापेक्षा जड

मित्रहो, इथवरचं वाचलं नाही तरी चालेल, पण हे वाचा. कारण हे आपल्या होस्टेलच्या पार्किंगबद्दल आहे.

आपल्याकडे फायनल इयरचा मुलगा जाताना बाइक ज्युनिअरला देऊन जातो. तो पुढच्याला. चार बॅच झाल्या तरी आरसी बुकवर नाव पहिल्याचंच. व्यवहार म्हणजे हातात पैसे, हातात चावी आणि मेसमध्ये पार्टी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, यालाच बाजारात टीटी फॉर्म म्हणतात. ते सही करून कोरेच दिले-घेतले जातात, आणि तिथेच घोटाळा होतो.

सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ ला दिलेल्या निकालातलं प्रकरण अगदी असंच होतं. मालकाने २००७ मध्ये मोटार विकली, पुढे ती हातोहात फिरली, २००९ मध्ये अपघात झाला. न्यायालय म्हणालं, नोंदणी ज्याच्या नावावर तोच कायद्याने मालक आणि नुकसानभरपाईची जबाबदारी त्याची. अपघातात सापडलेल्या माणसाने चार-पाच खरेदीदारांचा माग काढत फिरावं, अशी अपेक्षा करता येणार नाही. म्हणजे चार वर्षांपूर्वी पास होऊन बंगलोरला नोकरी करणाऱ्या सिनिअरच्या नावावरची बाइक आज तुम्ही शेगाव रस्त्यावर कोणाला धडकवली, तर समन्स त्याच्या घरी जाईल. उलट बाजूने बघा. गाडी चोरीला गेली तर तक्रार करायला तुम्ही मालकच नाही. विमाही तुमच्या नावावर नाही. नो क्लेम बोनस हा माणसाचा असतो, गाडीचा नसतो, तोही सोबत येत नाही.

मोटारीच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी. आरसीवर बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय इसार देऊ नका. चेसिसवर ठोकलेला १७ अक्षरी क्रमांक आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा. भारतात बनलेल्या गाडीचा क्रमांक 'एम'ने सुरू होतो. आता ही माहिती सरकारच्या एमपरिवहन ॲपवरही दिसते. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना आरटीओचं प्राधिकारपत्र घेणं बंधनकारक आहे. गाडी व्यापाऱ्याकडे दिल्याची ऑनलाइन नोंद झाली की ती विकली जाईपर्यंत जबाबदारी व्यापाऱ्याची. म्हणून गाडी विकायला ठेवताना हे पत्र मागायला लाजू नका. अॅकरलॉफने सुचवलेल्या उपायांपैकी परवाना हा एक होता. पन्नास वर्षांनी का होईना, तो आपल्या गावापर्यंत आला.

हे कशासाठी?

शहरातल्या माणसाला लिंबू लागलं तर त्याचा रविवार वाया जातो. आपल्याकडे काय होतं ते मी गेल्या उन्हाळ्यात पाहिलं. घाटावरच्या एका गावातले एक दादा, दोन एकर कोरडवाहू. सोयाबीन विकून आणि पतसंस्थेचं कर्ज काढून त्यांनी २ लाख १० हजारांत डिझेल गाडी घेतली. शाळेची मुलं आणि बाजाराचे लोक वाहायचे, हप्ता सुटेल, असा हिशोब. मीटर ६८ हजार. तिसऱ्या महिन्यात इंजिनने ऑइल प्यायला सुरुवात केली. मामांनी हेड उघडलं तर बोअर पार झिजलेला, गाडी तीन लाखांच्या खाली चाललेलीच नव्हती. काम साठ हजारांचं निघालं. गाडी चाळीस दिवस उभी, हप्ता मात्र चालू. ते रोज दुपारी यायचे, बाकड्यावर बसायचे, चहा नको म्हणायचे. विकणाऱ्याचा फोन लागत नव्हता. घेण्याआधी कोणाला दाखवली होती का, असं मामांनी एकदाच विचारलं. ते म्हणाले, "दाखवाले पाचशे रुपये मांगत होते भाऊ. म्हनलं, कायले खर्च करा."

त्या पाचशे रुपयांत जे मिळालं असतं, तेच तर आपण चार वर्षं इथे शिकतो. आवाज, धूर, जाडी, झीज बघून आत काय चाललंय ते सांगणं. आपल्या वर्गातले निम्मे जण पुढे सॉफ्टवेअरमध्ये जातील, हे मान्य. पण गावाकडे कोणीतरी काका, दादा, शेजारी गाडी घेणारच आहेत आणि "तू इंजिनीअर आहेस ना, जरा पाहून सांग" असं म्हणणारच आहेत. त्या वेळी "आम्हाला हे शिकवत नाहीत" असं न म्हणता लोहचुंबक खिशात घालावं आणि जावं. बॉनेटवर हात ठेवावा, ऑइलचं झाकण काढावं, घाट चढवावा.

आणि ते जमेपर्यंत निदान एवढं करा. या वर्षी जे पास आऊट होत आहेत त्यांनी सबमिशनच्या गडबडीतून एक दिवस काढावा, बाइक ज्याला दिली त्याला सोबत घ्यावं आणि फॉर्म २९ व ३० भरून गाडी नावावर करून द्यावी. पार्टी त्यानंतर.